जुना, हातात मावणारा फोन घेताय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात दुपारी दीडच्या सुमारास सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे नमुने घेऊन निघालो. फोन शर्टच्या खिशात होता. सात रस्त्याला गाडी लावली, व्यापाऱ्याला फोन करायला खिशात हात घातला, तर फोन तव्यासारखा तापलेला. स्क्रीन काळी, त्यावर थर्मामीटरचं चित्र आणि खाली सूचना, की फोन थंड झाल्याशिवाय वापरता येणार नाही. एका दुकानाच्या पडवीत दहा मिनिटं थांबलो. फोन जागा झाला तेव्हा बॅटरी 58 टक्के दिसत होती. चहाचे पैसे क्यूआर स्कॅन करून द्यायला गेलो, तेवढ्यात 31 वर आली आणि फोन बंदच पडला.

तो फोन म्हणजे 2020 चा आयफोन एसई. स्क्रीन 4.7 इंच, वजन 148 ग्रॅम. नव्या पेठेतल्या एका दुकानातून दोनच महिन्यांपूर्वी सेकंड हँड घेतला होता. गाडीवरून उतरलं की एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन असा माझा दिवसभराचा धंदा. साडेसहा इंची फोनवर अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, खिशातून तो अर्धा बाहेर डोकावतो. म्हणून छोटाच हवा होता, आणि आजही मी छोटाच वापरतो. पण तो घेताना ज्या चुका केल्या त्या पैशाला आणि जिवाला दोन्हीला लागल्या. पुतण्यासाठी फोन बघायला गेलो तेव्हा त्या एकेक करून आठवल्या, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

बॅटरीचा आकडा बघून भुलणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. दुकानातल्या पोराने सेटिंग्जमध्ये जाऊन बॅटरी हेल्थ दाखवली, "काका, शंभर आहे, बघा की!" चार-पाच वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी शंभर कशी असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. एक तर बॅटरी बदललेली असणार, किंवा आकडा बदललेला. फोन दुसरीकडे उघडून घेतला तेव्हा त्या कारागिराने बघताक्षणी सांगितलं, "बूस्ट केलेली दिसालीय, काका." बाजारात याला बूस्टच म्हणतात. बॅटरीच्या पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात बॅटरीची क्षमता आणि किती वेळा चार्ज झाली याची नोंद राहते. मशीन लावून ती नोंद बदलता येते. सेल जुनाच असतो, फक्त कागद नवा.

ही फसवणूक मोठ्या फोनमध्ये थोडी झाकली जाते. छोट्या फोनमध्ये ती उघडी पडते, कारण मुळात बॅटरीच लहान असते. 2020 च्या एसईची सुमारे 1,800 एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), आयफोन 12 मिनीची सुमारे 2,200, 13 मिनीची सुमारे 2,400. आजच्या साध्या अँड्रॉइड फोनची 5,000 असते. म्हणजे एसईची बॅटरी 80 टक्क्यांवर आली की हातात 1,450 च्या आसपास उरतं, शेजाऱ्याच्या फोनच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. ॲपलच्याच म्हणण्यानुसार आयफोन 14 आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी 500 पूर्ण चार्जपर्यंत 80 टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते. छोटा फोन दिवसातून दीड वेळा चार्ज करावा लागला तर 500 चा आकडा वर्षभरातच गाठला जातो.

मग दुकानात काय करायचं? आकडा बघायचा, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाऊट इथे जा. बॅटरी बदललेली असेल तर तिथे सुटे भाग आणि सर्व्हिसची नोंद दिसते. 12 मिनी आणि 13 मिनीत डिस्प्ले आणि कॅमेरा बदलला असेल तर तेही कळतं. पार्ट ओळखता येत नसल्याची सूचना असेल तर तो ओरिजनल नाही किंवा नीट बसवलेला नाही. त्यानंतर दुकानातच ब्राइटनेस पूर्ण वाढवा, कॅमेऱ्यावर पाच मिनिटं व्हिडिओ काढा आणि टक्के कसे उतरतात ते बघा. चांगल्या बॅटरीचे टक्के एकेक करून उतरतात. 90 वरून थेट 82 वर उडी मारली तर फोन परत ठेवा. दुकानदार घाई करत असेल तरी या पाच मिनिटांत कमीपणा मानू नका.

माझा सल्ला तर असा, की जुना छोटा फोन घेताना बॅटरी गेलीच आहे असं धरूनच चला. कंपनीच्या सेंटरमध्ये बॅटरी बदलायचा खर्च आधी विचारा, तो फोनच्या किमतीत मिळवा आणि मग महाग की स्वस्त ते ठरवा. मी हा हिशेब नंतर केला. तोपर्यंत रात्री मोबाईल बंद पडून "पाणी आलंय, मोटर लाव" हा शेजारच्या वहिनींचा फोन दोनदा चुकला होता. आमच्याकडे पाणी चार-चार दिवसांनी येतं, त्यामुळे फोन चुकणं म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको.

सोलापूरचं ऊन विसरणं

आयफोन 0 ते 35 अंश तापमानात वापरावा, असं ॲपल सांगतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो आणि बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत तर त्याहून कितीतरी जास्त. लिथियम बॅटरीला उष्णता सर्वांत जास्त मारते. थंडीने बॅटरी तेवढ्यापुरती मंदावते, उन्हाने तिची क्षमता कायमची कमी होते. छोट्या फोनचा अंगठा-भर देह उष्णता बाहेर टाकायला अपुरा पडतो, त्यामुळे मॅप चालू, हॉटस्पॉट चालू, वर जाड कव्हर असं सगळं एकत्र आलं की तो लवकर हार मानतो.

फोन तापून बंद पडला तर कव्हर काढा, सावलीत ठेवा, पंख्याखाली धरा. फ्रीजमध्ये किंवा माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू नका, आतल्या आत बाष्प धरतं आणि बोर्ड खराब होतो. चार्जिंग 80 वर थांबलं किंवा तापमानामुळे थांबवल्याची सूचना आली तर चार्जर बिघडला असं समजून नवा आणू नका, फोन स्वतःला वाचवत असतो. मी आता मे महिन्यात फोन रात्री न लावता पहाटे पाच-साडेपाचला लावतो. तेव्हा खोली सगळ्यांत थंड असते, आणि कामाला निघेपर्यंत तो भरलेला असतो. एवढ्याने मला दिसण्याइतका फरक पडला.

किती वर्षं उरली ते न विचारणं

फोन किती जुना यापेक्षा त्याला अजून किती वर्षं अपडेट येणार हे महत्त्वाचं. 2016 चा चार इंची पहिला एसई अजूनही कुठे कुठे विकायला दिसतो. दिसायला देखणा, हाताला गोड. पण तो आयओएस (आयफोन चालवणारं सॉफ्टवेअर) 15 वरच थांबला. तो घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. आज ना उद्या बँकेची ॲप त्यावर नखरे करणार, आणि पैशाचे व्यवहार अशा फोनवर करणं मला पटत नाही.

2025 च्या सप्टेंबरात आलेलं आयओएस 26 आयफोन 11 आणि 2020 च्या एसईपासून पुढे चालतं. म्हणजे एसई आज त्या यादीच्या अगदी तळाला आहे, पुढची कात्री कधीतरी तिथेच लागणार. 12 मिनी एक पायरी वर, 13 मिनी आणि 2022 चा एसई दोन पायऱ्या वर. आयफोन 14 पासून मिनी बंदच झाला, त्यामुळे 13 मिनीची मागणी टिकून आहे आणि विकणारा भावात फार उतरत नाही. तरीही 12 मिनी आणि 13 मिनीच्या भावातला फरक परवडत असेल तर 13 मिनीच घ्या. बॅटरी मोठी आहे आणि कमीत कमी स्टोअरेज 128 जीबी आहे. एसई आणि 12 मिनीत 64 जीबीचे पुष्कळ फोन फिरतात. कार्ड घालायला जागा नसते आणि लग्नसराईत व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपनी तो फोन भरून जातो.

अँड्रॉइडमध्ये छोटे फोन कमीच. गुगलचा पिक्सेल 4ए मला फार आवडायचा, 5.8 इंची, हलका, कॅमेरा सुरेख. पण त्याची नियमित सुरक्षा अपडेट 2023 च्या ऑगस्टमध्ये संपली आणि जानेवारी 2025 मध्ये गुगलने एक अपडेट पाठवून त्यातल्या काही फोनची बॅटरी मुद्दाम कमी क्षमतेवर आणली. सॅमसंगचा 2019 चा एस10ई सुद्धा अँड्रॉइड 12 वर थांबला आहे. फोटो काढायला, गाणी ऐकायला दुसरा फोन म्हणून ठीक. यूपीआय आणि बँक त्यावर ठेवू नका. अँड्रॉइड बघताना सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा, दोन वर्षांपूर्वीची असेल तर प्रश्न मिटला.

5जी आणि सिमचा घोळ

2020 च्या एसईत 5जी नाही. रिचार्ज अमर्यादित 5जी देणारा मारला तरी त्याचा उपयोग शून्य, रोजची ठरलेली 4जीची मर्यादाच वापरायची. 12 मिनीपासून पुढे 5जी आहे आणि आयओएस 16.2 पासून ते जिओ-एअरटेलवर चालतं. "फोन 5जी आहे पण येत नाही" अशी तक्रार असेल तर आधी अपडेट तपासा, मग सेल्युलर सेटिंगमध्ये 5जी ऑटो निवडलंय का ते.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. या आयफोनांत प्रत्यक्ष सिमची जागा एकच असते, दुसरा नंबर ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम) करावा लागतो. घरचा एक आणि धंद्याचा एक असे दोन नंबर असतील तर हे आधी ठरवा.

कुलूप आणि बिल न तपासणं

इथे थोडक्यात सांगतो, पण यातलं एकही टाळू नका. फोन पूर्ण रिसेट करून तुमच्यासमोर नव्याने सुरू करायला लावा. जुन्या मालकाचा ॲपल आयडी किंवा गुगल खातं मागितलं तर तो फोन तुमच्या कामाचा नाही, "नंतर काढून देतो" वर जाऊ नका. *#06# दाबून आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) बघा, तो बिलावरच्या नंबराशी जुळतो का ते तपासा. मग रोमन अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो 15 आकडी नंबर 14422 वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला फोन असेल तर तिथेच कळतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हेच तपासता येतं.

एसई होम बटणावर बोट ठेवून उघडतोय का ते स्वतःचं बोट नोंदवून बघा. ते बटण मूळ बोर्डाशी जोडलेलं असतं, बाहेरचं बसवलं की ठसा चालत नाही. मिनीमध्ये हीच परीक्षा फेस आयडीची, म्हणजे चेहऱ्याने फोन उघडण्याची. डिस्प्ले बदलला असेल, कारागीर ज्याला फोल्डर म्हणतात तो, तर बऱ्याचदा ट्रू टोनचा (उजेडाप्रमाणे स्क्रीनची रंगछटा बदलण्याचा) पर्याय गायब झालेला असतो. आणि एकदा उघडलेल्या फोनवर "वॉटरप्रूफ आहे" या शब्दावर पावसात भिजू नका.

चुकीच्या माणसासाठी घेणं

हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय. माझा फोन दुरुस्त झाल्यावर मी तो आईला दिला. हलका आहे, हातात बसेल, असं वाटलं. आईला चष्मा आहे. अक्षरं मोठी केली तर व्हॉट्सॲपच्या एका ओळीत तीन शब्द मावायला लागले. पैसे पाठवताना हिरवं बटण स्क्रीनच्या खाली गेलं, ते दिसेना म्हणून ती दोन दिवस नुसती "पैसे जात नाहीत" म्हणत बसली. मराठी टाइप करायला घेतलं तर एका ओळीत इंग्रजीपेक्षा जास्त अक्षरं, त्या चाव्या नखाएवढ्या. "ख" दाबायचा तर "ग" उमटायचा. मी तिला बोलून लिहायला शिकवलं, तरी तिसऱ्या दिवशी तिने फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मला माझा जुना मोठाच दे." तिचं बरोबर होतं.

छोटा फोन त्याला, ज्याचं काम बोलणं, मेसेज, पैसे, थोडा मॅप आणि चांगले फोटो एवढंच आहे आणि ज्याच्या जवळ दुपारी एकदा चार्जर असतो. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना, दिवसभर व्हिडिओ बघणाऱ्याला, ऑनलाइन अभ्यास करणाऱ्याला तो घेऊन देऊ नका. संध्याकाळी पाचच्या आत फोन मरतो आणि मग गळ्यात पॉवर बँक. तेवढं वजन धरलं तर छोटेपणाचा फायदा कुठे राहिला?

पुतण्याला जुळे सोलापूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून 13 मिनी मिळाला. बिल होतं, आयएमईआय जुळला, बॅटरी 83 दाखवत होती आणि नोंदीत एकही पार्ट बदललेला नव्हता. त्याच आठवड्यात पुण्याला जाणाऱ्या भावाबरोबर फोन पाठवून कंपनीची बॅटरी बसवून घेतली. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर सकाळी दहापासून फोटो काढत होता, रात्री नऊला घरी आला तेव्हा 22 टक्के शिल्लक होते.