काम सुटलं, वर आजारपण आलं? ईएसआयच्या दाव्यात या चुका टाळा

मंदी आली की टॉवेल-चादरीच्या कारखान्यात आधी पाळी कमी होते, मग माणूस. "उद्यापासून येऊ नको, निरोप पाठवतो," एवढ्यावर नोकरी संपते. मग सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कामगार ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून बेरोजगारीचे पैसे मागतो. त्याच दिवसांत डेंग्यू झाला किंवा हर्नियाचं ऑपरेशन निघालं की बहुतेकांना वाटतं, पैसे चालूच आहेत, वेगळं काय करायचं? इथेच गाडी रुळावरून घसरते. बेरोजगारीचे पैसे आणि आजारपणाचे पैसे एकाच महामंडळाकडून येतात, पण दोन्हींचे नियम, दर आणि कागद वेगळे आहेत.

आधी हे तपासा, की तुमच्या पगारातून ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जात होते का. दहापेक्षा कमी माणसांच्या लूमच्या शेडमध्ये बहुधा कापलेच जात नाहीत, आणि मग पुढचं काहीच तुम्हाला लागू नाही. महिना २१,००० रुपयांच्या वर पगार असेल तरीही सहसा हीच गत.

एकाच दिवसाचे दोनदा पैसे मागणं

सगळ्यात जास्त अडणारी गोष्ट ही. एकाच दिवसासाठी बेरोजगारीचे आणि आजारपणाचे, दोन्ही पैसे मिळत नाहीत. आजारी पडलात तर त्या तारखा बेरोजगारीच्या दाव्यातून बाहेर ठेवा. दोन्ही अर्जांत तारखा एकमेकींवर चढल्या की दोन्ही दावे लोंबकळतात.

यात तोटा नाही, उलट फायदाच आहे. बेरोजगारीचा दर सुरुवातीला सरासरी रोजच्या मजुरीच्या २५ टक्के होता, २४ मार्च २०२० पासून ५० टक्के झाला. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात चालू दर विचारून घ्या. आजारपणाचा दर ७० टक्के आहे. सरासरी रोज ५०० रुपये पडत असेल तर ५० टक्क्यांनी २५० रुपये मिळतात, ७० टक्क्यांनी ३५०. शिवाय बेरोजगारीचे जास्तीत जास्त ९० दिवस आयुष्यात एकदाच मिळतात. अंथरुणावर पडलेले दिवस त्यातून का खर्च करायचे? आजारपणाचे ९१ दिवस वेगळे असतात आणि ते लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत (जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशा सहामाह्यांत) मिळून मोजले जातात. पहिले दोन दिवस मात्र बिनपैशाचे जातात. आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर तेही कापत नाहीत.

"नोकरीच नाही, मग आजारपणाचे कसले?"

ही समजूत फार पसरलेली आहे, आणि तिच्यापायी लोक अर्जच करत नाहीत. आजारपणाच्या पैशांसाठी बघितलं जातं ते आधीच्या सहामाहीतलं योगदान, म्हणजे तुमच्या नावावर ईएसआयकडे भरलेला हप्ता. एप्रिल ते सप्टेंबर या काळात ७८ दिवसांचं योगदान भरलं गेलं असेल, तर पुढच्या जानेवारी ते जून या काळातल्या आजारपणासाठी हक्क तयार होतो. ऑक्टोबर ते मार्चचं योगदान त्याच वर्षीच्या जुलै ते डिसेंबरला लागू पडतं. म्हणजे ऑक्टोबरपासून नियमित हजेरी लावली, जानेवारीअखेर काम सुटलं आणि ऑगस्टमध्ये कावीळ झाली, तरी विचारायला जागा आहे. खिडकीवर "नोकरी नाही" एवढंच ऐकून परत फिरू नका. "माझा लाभ कालावधी कुठला, आणि योगदान किती दिवसांचं दिसतंय?" असा नेमका प्रश्न विचारा. बदली कामगारांचं घोडं मात्र या ७८ वरच अडतं, कारण हजेरी तुटक असते. ठेकेदाराने हजेरी लावली आणि पैसे भरलेच नाहीत, असंही होतं. ईएसआयच्या पोर्टलवर आपलं योगदान स्वतः बघता येतं. आजारी पडायची वाट न बघता ते आताच बघून ठेवा.

सर्टिफिकेट कुणाचं आणि कधीचं

ताप आला की आपण गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, सलाईन लावून घेतो आणि बरं वाटल्यावर ईएसआयच्या दवाखान्यात "मागच्या तारखेचं द्या" म्हणून उभे राहतो. तिथले डॉक्टर ते देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. आजारपणाचा पहिला दाखला ईएसआयच्या दवाखान्यातून, नेमून दिलेल्या डॉक्टरकडून किंवा त्यांच्या रुग्णालयातून, पहिल्याच दिवसांत निघायला हवा. रात्री-अपरात्री खासगीत दाखल व्हावं लागलं तर केसपेपर, बिलं, डिस्चार्ज कार्ड सगळं जपा. दुसरा पुरावा मानायचा की नाही हे कार्यालय ठरवतं, आणि कागदच नसेल तर ठरवायला काही उरत नाही. दाखला खिशात घेऊनही हिंडू नका, तीन दिवसांच्या आत शाखेत द्या.

बरं होऊन कामाला लायक झाल्याचा शेवटचा फिट दाखला घेतला नाही की अखेरचे पैसे अडकतात. आणि दाखल्यावर "विश्रांती" असताना कुणाच्या लूमवर रोखीने पाळी केलीत, तर त्या दिवसाचा हक्क जातो.

मालकाने पोर्टलवर काय भरलं

माणूस घरी बसलेला असतो आणि मालकाच्या नोंदीत तो अजून "रजेवर" असतो. शेवटच्या कामाची तारीख आणि कामावरून कमी केल्याचं कारण नोंदवलेलं नसेल तर बेरोजगारीचा दावा पुढे सरकत नाही. गैरवर्तन, स्वेच्छानिवृत्ती किंवा वयाने निवृत्ती अशी नोंद असेल तर तो मिळतच नाही. म्हणून घाईघाईत राजीनाम्याच्या कागदावर सही करू नका, आजारी असताना तर अजिबात नाही. आजारपणाचे पैसे घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही, हे मालकांना ठाऊक असतं, म्हणूनच कधीकधी सही आधी मागतात. आपल्याकडे अजून एक घोळ नावाचा होतो. तेलुगू नावांची स्पेलिंग आधारवर एक, ईएसआयवर दुसरी आणि बँकेत तिसरी. ती काम चालू असतानाच एक करून घ्या.

आजार कामातूनच आला असेल तर

कापसाच्या धुळीने छाती भरते, लूमच्या खटखटाटाने ऐकू कमी येतं. यांची गणती साध्या आजारपणात करू नका. कापसाच्या धुळीचा फुप्फुसाचा आजार आणि गोंगाटाने आलेलं बहिरेपण ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत, आणि अशा तात्पुरत्या अपंगत्वाचा दर ९० टक्के आहे. लूममध्ये बोट सापडलं तरी हाच दर, आणि त्या अपघाताला ७८ दिवसांची अट नाही. टीबीसारख्या ठरावीक लांबच्या आजारांत ९१ दिवस संपल्यावर ८० टक्क्यांनी वाढीव लाभ मिळतो, पण त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि मागच्या चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांचं योगदान लागतं. डॉक्टर विचारोत न विचारोत, काम कुठलं, किती वर्षं आणि कुठल्या मशीनवर, हे पहिल्याच भेटीत सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा. शाखेत दाद लागली नाही तर ईएसआयचा टोल फ्री नंबर १८००-११-२५२६ आहे. तक्रार केलीत की तिचा नंबर लिहून ठेवा.