दोन लाइनींच्या कॉर्डलेस फोनवर दुसरी लाइन बंद: माझा अनुभव

न्यू जर्सीतील घरी घरगुती आणि कामाचा असे दोन्ही क्रमांक एकाच कॉर्डलेस फोनवर घेतले, तेव्हा पहिली लाइन चालू झाली, परंतु दुसरीवर डायल टोन येईना. हँडसेटची पुन्हा नोंदणी केली, संचही बदलून आणला. तीन रविवार वाया गेले.

दोष वायरीत होता. जुन्या फोनची वायर मी तशीच वापरली होती आणि तिच्या टोकाला धातूच्या दोनच पट्ट्या होत्या. दोन लाइनींना चार लागतात. प्रथम भिंतीवरील सॉकेट उघडून मधल्या लाल-हिरव्या जोडीवर पहिली व बाहेरच्या काळ्या-पिवळ्या जोडीवर दुसरी लाइन असल्याची खात्री केली, मग चार तारांची वायर बेसवरील ‘लाइन १/२’ या खाचेत बसवली, आणि दुसऱ्या लाइनचे बटण दाबताच टोन आला. भिंतीवर आणि बेसवर दोन्ही लाइनींसाठी स्वतंत्र खाचा असतील, तर मात्र दोन साध्या वायरी पुरतात.