रामटेक कसं करायचं, नागपूरवाल्यांसाठी

आपल्याकडे पाहुणा आला की रविवारी त्याला रामटेकला न्यायचं हे ठरलेलंच, आणि नेतात कसं तर गाडी थेट गडावर, रामाचं दर्शन, माकडांसोबत दोन फोटो, मग खिंडसी तलाव नि जेवायच्या वेळेला घरी. मीही कितीतरी वर्षं असंच करत होतो, आणि गडावरची सगळ्यात जुनी मंदिरं मी चाळिशी गाठल्यावर पाहिली बाप्पा, तीही गाडी खालीच बंद पडली म्हणून पायऱ्या चढाव्या लागल्या तेव्हा. म्हणून हे लिहून राहिलो.

सकाळी सहाला निघा. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, जबलपूर रोडनी कामठी, कन्हान आणि मग मनसरला उजवीकडे. एसटी मिळते, इतवारीवरून रेल्वेही आहे पण तिची वेळ आधी पाहून घ्या. तर्री पोहे खाऊन निघायचा मोह आवरा, येताना खा, चढताना ती तर्री फार आठवण करून देते.

गाडी गडावर नेऊ नका, अंबाळा तलावाकडे घ्या. चारी बाजूंनी घाट नि देवळं, लोकं इथं पिंडदानालाही येतात. इथूनच जुन्या दगडी पायऱ्या वर जातात, झिजलेल्या आहेत, पावसाळ्यात जपून. घरात गुडघेवाले असतील तर त्यांना गाडीनं वर पाठवा, बाकीच्यांनी चढा.

पायऱ्या संपल्या की रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह अशी दोन साधी बसकी मंदिरं लागतात. बाहेरून पाहून वाटतं काय आहे यात, शिखर नाही का काही नाही, पण आत जा आणि मोबाईलचा टॉर्च लावा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. लाल दगडातली भली मोठी मूर्ती, एक गुडघा वर घेऊन आरामात बसलेला नरसिंह, हातात चक्र. हिरण्यकश्यपू नाही, फाडाफाडी नाही, एकटाच आपला बसलाय, म्हणूनच तो केवल. ही पाचव्या शतकातली, वाकाटकांची म्हणजे विदर्भात तेव्हा राज्य करणाऱ्या राजघराण्याची कामं आहेत म्हणजे जवळपास 1500 वर्षं झाली. केवल नरसिंहाच्या भिंतीत शिलालेख आहे, तो कितीतरी काळ चुन्याखाली दडलेला होता. त्यात प्रभावतीगुप्ताचा उल्लेख येतो, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांच्या घरात दिलेली, नवरा लवकर गेला तर पोरं लहान म्हणून राज्य तिनंच सांभाळलं. राजधानी नंदिवर्धन म्हणजे आपलं नगरधन, इथून हाकेच्या अंतरावर. तिचा एक ताम्रपट तर रामगिरीस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, म्हणजे तेव्हाही हा डोंगर देवाचाच होता.

मग गडाकडे. एकामागे एक चार दरवाजे लागतात, वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ. वराह दरवाज्यापाशी चार खांबांच्या मंडपात अख्खा दगडी वराह उभा आहे, तोही वाकाटकांचाच. पापी माणूस त्याच्या पोटाखालून निघू शकत नाही म्हणतात, म्हणून लोकं सरपटत जातात. जायचं असेल तर आधी खिशातला मोबाईल नि किल्ल्या काढून कोणाकडे द्या, कोपर आधी घाला, आणि अडकलात तर हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आतली मुख्य मंदिरं यादवकाळातली, पुढे नागपूरकर रघुजी भोसल्यांनी जीर्णोद्धार केला. इथं एक पद्धत पाळा, आधी लक्ष्मण मग राम. लक्ष्मणाचं देऊळ समोरच आहे, गर्दीत घाईघाईनं त्याला वळसा घालून रामाकडे पळतात, तसं करू नका. लक्ष्मणाच्याच देवळात रामचंद्र यादवाच्या काळातला शिलालेख आहे, त्यात या डोंगरावरच्या तीर्थांची नावं दिलेली आहेत, थोडक्यात सातशे वर्षांपूर्वीचं गाईडच समजा.

माकडांचं सांगायचं राहिलंच. पिशवी हातात लोंबकळती ठेवू नका, प्लॅस्टिकची तर मुळीच नाही. मागच्या खेपेला आमच्या मावशीच्या हातून एकानं प्रसादाची पुडी ओढली, कठड्यावर बसून दातांनी दोरा तोडला, फुटाणे निवडून खाल्ले आणि नारळाचा तुकडा हुंगून खाली टाकला, मावशी म्हणते मेल्याला दात नसतील. खायचं काही असेल तर बॅगेत, चेन लावून.

उतरताना कालिदास स्मारक पाहून घ्या, मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं संस्कृतचे नि इतिहासाचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. वेळ असेल तर कपूर बावडीही, खांबांची जुनी विहीर आहे, थोडं चालावं लागतं पण तिकडे शांत असतं. खिंडसी कंटाळा आला असेल तर सोडून द्या, तलाव कुठं पळून जात नाही. पण गावातून कपुरी पान घेतल्याशिवाय परतू नका, रामटेकच्या पानमळ्यांचं नाव जुनं आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, डिक्कीत टाकलं तर कामठी येईस्तोवर सुकते.

आणि त्रिपुरी पौर्णिमेला किंवा रामनवमीला जाणार असाल तर गाडीचा विचारच सोडा, एसटीनं जा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.