कुत्रा कुठे होता? नव्या रहस्यकथाकारांसाठी

रहस्यकादंबरी वाचली जाते सुरुवातीपासून, पण रचावी लागते शेवटाकडून. गुन्हा कोणी केला, का केला, कसा केला आणि करताना चूक कुठे झाली, एवढं ठरल्याशिवाय पहिलं प्रकरण हाती घेऊ नये. लिहिता लिहिता गुन्हेगार सापडेल, असं म्हणणारे लेखक आहेत, आणि काहींना तो सापडतोही. पहिल्याच कादंबरीत मात्र हा जुगार बहुधा मध्यावर अंगाशी येतो. सगळे संशयित सारखेच निर्दोष दिसू लागतात आणि लेखकालाही पुढची वाट दिसत नाही.

म्हणून आधी तक्ता. डावीकडे अर्ध्या-अर्ध्या तासाने वेळ लिहायची. पुढे प्रत्येक पात्रासाठी तीन गोष्टी: ते खरं कुठे होतं, कुठे होतो म्हणून सांगतं, त्याला कोणी पाहिलं. पाच-सहा संशयित पुरेत. गुन्हेगार पहिल्या पाव भागात वाचकासमोर यायलाच हवा. शेवटून दुसऱ्या प्रकरणात उगवलेला दूरचा भाऊ ही शुद्ध फसवणूक आहे.

या तक्त्यात एक रकाना हमखास राहतो, तो प्राण्यांचा. मृताच्या घरी कुत्रा आहे असं सुरुवातीला येतं आणि चौथ्या प्रकरणापासून तो कुत्रा गायब. मालक गेल्यावर त्याला खायला कोण घालतं? त्या रात्री तो घरात होता की बाहेर? प्रेतासोबत रात्रभर कोंडला गेला असेल, तर दारावर ओरखडे दिसतील, कोपऱ्यात घाण असेल. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल याने १८९२ साली न भुंकलेल्या कुत्र्यावरून गुन्हेगार ओळखीचा असल्याचं दाखवलं, ते याच रकान्याच्या जोरावर. ती युक्ती आता फार झिजली आहे. तरी वापरायचीच असेल, तर हा कुत्रा परक्यांवर भुंकतो हे आधी दोन साध्या प्रसंगांत दिसू द्या. काही कुत्रे कोणावरच भुंकत नाहीत, आणि कुत्री पाळणारा वाचक ते लगेच बोलून दाखवतो.

प्राण्यांचे तपशील विषाच्या तपशिलांइतकेच तपासून घ्यावेत. ओळख पटवण्यासाठी पाळीव प्राण्याच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपचीच गोष्ट घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते, आत फक्त एक क्रमांक असतो, बहुधा १५ अंकी. स्कॅनर अगदी जवळ धरला तरच तो वाचता येतो. त्यामुळे हरवलेलं मांजर कथेतला पोलीस मोबाइलच्या नकाशावर शोधू शकत नाही. पण त्या क्रमांकावर मालक म्हणून भलतंच नाव नोंदलेलं निघालं, तर खोट्या नावाने राहणारं पात्र उघडं पडू शकतं. लिलीचंही तसंच. खऱ्या लिलीचे परागसुद्धा मांजराला घातक असतात, पण मांजर जागच्या जागी कोसळत नाही. काही तासांत उलट्या सुरू होतात आणि उपचार झाले नाहीत तर एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. पाच मिनिटांत मेलेलं मांजर म्हणजे लेखकाने वाचन केलेलं नाही. शिवाय वाचक माणसांचे चार खून सहज पचवतो, पण कुत्र्या-मांजराचा एक मृत्यू पचवत नाही. अगदी गरज असेल तरच त्या वाटेला जा.

आता लिहिण्याचं घर. चित्रपटांतल्यासारखा भिंतीवर लाल दोऱ्यांचा फलक मांडायचा मोह होतो. घरात मांजर असेल तर तो आवरा. गिळलेल्या दोऱ्यावर आतडं चुणीसारखं गोळा होतं आणि बरेचदा शस्त्रक्रियाच करावी लागते. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तरी ओढायचं नाही, थेट पशुवैद्याकडे न्यायचं. टाचण्याही नकोत. रंगीत पेनं आणि चिकटपट्टी यांवर काम भागतं. उठताना कीबोर्ड लॉक करा, नाहीतर मांजर त्यावर बसतं आणि निवडलेलं अख्खं प्रकरण पुसलं जातं. रोजची फाइल तारीख घालून वेगळी ठेवा आणि प्रती तीन: संगणकावर, बाहेरच्या डिस्कवर, ऑनलाइन.

८०,००० शब्दांची कादंबरी रोज १,००० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, या गतीने १६ आठवड्यांत कच्ची उतरते. कुत्र्याच्या फेऱ्या या वेळापत्रकात अडचण वाटतात, पण खुर्चीवरून उठवणारं दुसरं कोणी नसतं. कच्चा खर्डा झाल्यावर तीन-चार आठवडे त्याला हात लावू नका. मग पहिलं वाचन फक्त तक्ता समोर ठेवून करा, भाषेकडे न बघता. दर प्रकरणाला एकच प्रश्न: या क्षणी कोण कुठे आहे? प्राणी धरून.

खरा दुवा, म्हणजे गुन्हेगाराकडे नेणारी खूण, लपवायची साधी रीत म्हणजे तो वर्णनातल्या एखाद्या यादीच्या मधोमध ठेवायचा, आणि लगेच दाराची बेल वाजू द्यायची किंवा भांडण पेटू द्यायचं. महत्त्वाच्या निष्कर्षाला किमान तीन दुवे हवेत. एक वाचकाच्या नजरेतून निसटतोच.

शेवटी हस्तलिखित चार-पाच जणांना द्या. पाव, अर्धा आणि पाऊण भागावर थांबून संशयिताचं नाव कागदावर लिहून ठेवायला सांगा. अर्ध्यावरच सगळ्यांनी बरोबर नाव लिहिलं, तर दुवे फार ठळक झालेत. कोणालाच ओळखता आलं नाही, तर उलगडा वाचून झाल्यावर विचारा, ‘मागे कुठे कुठे दिसलं होतं?’ त्यांना दोन जागाही आठवल्या नाहीत, तर दुवे फारच पुसट आहेत. मग पुन्हा तक्त्यापासून सुरुवात.