जुन्या साड्यांची गोधडी: कापड निवडण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातून साड्यांचा गठ्ठा निघतो आणि बऱ्याच घरांतून तो सरळ बोहारणीकडे जातो. पाच-सहा साड्या दिल्या की एक स्टीलचं पातेलं घरात येतं. नायलॉन आणि सिंथेटिक साड्या खुशाल द्या, पण त्या गठ्ठ्यातली प्रत्येक सुती साडी आधी बाजूला काढा. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन जे कापड मऊ होतं, ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. नव्या सुती कापडात खळ असते, ताठरपणा असतो आणि पहिल्या दोन-चार धुण्यांत ते आटतं. आजीच्या नऊवारीने हे सगळं केव्हाच पार केलेलं असतं.

गोधडी म्हणा, पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत म्हणतात तशी वाकळ म्हणा, काम एकच: जुन्या कापडाचे थर एकमेकांवर अंथरायचे आणि धावदोऱ्याने ते एकजीव करायचे. ऊब कापडाच्या जाडीपेक्षाही थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते. म्हणून चार पातळ थरांची गोधडी एका जाड सतरंजीपेक्षा उबदार आणि अंगावर हलकी वाटते.

कापड पारखून घ्या

साडी उजेडासमोर धरा. जिथे कापड जाळीसारखं विरळ दिसेल तिथे खडूने खूण करा. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड बाजूंना ताणा. चर्र आवाज आला किंवा धागे सरकले, तर तो भाग वरच्या थराला चालणार नाही. आतल्या थरात मात्र तो बिनधास्त वापरा, कारण तिथे त्याला बाहेरची घासाघीस सोसावी लागत नाही. साडी बसताना दुमडते तिथे आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला लवकर विरते. पदर बहुतेक वेळा धडधाकट असतो, म्हणून तो वरच्या थरासाठी राखून ठेवा.

सुती आणि सिंथेटिक यातला फरक हाताला कळला नाही, तर काठाचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने चुरगळता येते. सिंथेटिक धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. सिंथेटिक कापड थरात घालू नका. ते घाम शोषत नाही, शिवताना सुती थरांवरून सरकत राहतं आणि सगळी गोधडी वेडीवाकडी होते.

जरीचे काठ उसवून किंवा कापून वेगळे करा, कारण ते अंगाला टोचतात आणि सुईलाही अडवतात. पण साडी खूप जुनी असेल, तर काठ कापण्याआधी जर खरी आहे का, हे जाणकाराकडून पारखून घ्या. खऱ्या जरीत चांदी असते. फॉल काढून टाका, त्याचं कापड वेगळं असल्यामुळे तो वेगळा आटतो.

आता सगळ्या साड्या गरम पाण्यातून एकदा धुऊन काढा, म्हणजे राहिलेली खळ निघून जाईल. गडद लाल, निळ्या, काळ्या साड्यांचा रंग जातो का, तेही याच वेळी बघा: ओलं पांढरं फडकं कापडावर जोरात घासायचं. रंग लागला तर ती साडी फिकट साडीबरोबर नको. वाळल्यावर इस्त्री कराच. चुरगळलेल्या कापडाची चुणी थरात शिवली गेली, की ती पुढे कायम पाठीला लागते.

पहिलं काम: एका साडीचं दुपटं

ज्यांनी कधीच गोधडी शिवलेली नाही, त्यांनी थेट मोठी हाती घेऊ नये. बाळाचं दुपटं करा. साडेपाच मीटरची साडी साधारण ११५ सेंटिमीटर पन्ह्याची असते. तिचे ११० सेंटिमीटर लांबीचे तुकडे केले, तर एका साडीत बरोबर पाच चौकोन निघतात. दोन बाहेरचे आणि तीन आतले. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तीनच थर पुरतात, मग उरलेल्या दोन चौकोनांचे लंगोट करा.

तुकडे करायला कात्रीपेक्षा हात चांगला. काठाला कात्रीने बोटभर चीर द्या आणि दोन्ही हातांनी कापड फाडत न्या. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, त्यामुळे कड आपोआप सरळ मिळते. फाडताना चीर भलतीकडेच गेली, तर समजा की कापडात जीव उरलेला नाही. तो तुकडा आत घाला.

आतले तीन चौकोन चारही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर कापून लहान करा. पुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाई नेमकी इथेच होते.

फरशी पुसून कोरडी करा. खालचा चौकोन उलटी बाजू वर करून अंथरा. तो ताणायचा नाही, फक्त सपाट करायचा, आणि चारही कोपरे चिकटपट्टीने फरशीला चिकटवायचे. त्यावर आतला पहिला थर ठेवा आणि तळहाताने मधून बाहेरच्या दिशेने हळूहळू सारवल्यासारखं सपाट करत जा. दुसरा थर, तिसरा थर, प्रत्येक वेळी तेच. शेवटी वरचा चौकोन सुलटी बाजू वर ठेवून अंथरा. खालच्या आणि वरच्या कापडाच्या कडा आत दुमडा, म्हणजे आतले थर त्यात बंद होतील, आणि टाचण्या लावा.

आता कच्चा टाका. गडद दोरा घ्या आणि मधोमध एक उभी, एक आडवी अशी मोठ्या टाक्यांची रेघ मारा. मग त्या रेघांपासून बाहेर जात दर एका वितीवर आणखी रेघा मारा. हे टाके शेवटी उसवायचेच आहेत, म्हणून अनेकांना ते फुकटचं काम वाटतं. पण गोधडी चांगली होणार की तिला मध्ये फुगे येणार, हे या कच्च्या टाक्यांवरच ठरतं. पक्की शिवण थोडी वाकडी गेली तरी चालते. थर सरकले, तर मात्र सगळं उसवून पुन्हा अंथरावं लागतं.

धावदोरा

शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात गोधडीचा जाड सुती दोरा मागा. लांब, मोठ्या नेढ्याची सुई घ्या. दाभण नको, त्याने कापडाला भोकं पडतात. दोरा हातभरच घ्यायचा. त्यापेक्षा लांब घेतला तर त्याच्या गाठी पडतात आणि दर वेळी कापडातून ओढला गेल्याने त्याचा पीळ सुटतो. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला, की तो गुळगुळीत सरकतो.

गाठ बाहेर दिसू द्यायची नाही. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारा, सुई वरच्या थरातून आत घाला, इंचभर पुढे बाहेर काढा आणि हलका झटका द्या. टुक् करून गाठ आत जाते आणि थरांमध्ये अडकून बसते. मग सुई उभी खाली घाला. डावा हात गोधडीच्या खाली असू द्या. सुईचं टोक मधल्या बोटाला जाणवलं, की लगेच टोक वर वळवा. वर आलं की पुन्हा खाली. असे चार-पाच टाके सुईवर भरले की एकदम ओढा. सगळे थर पकडले गेलेत ना, हे सुरुवातीला दर ओळीनंतर गोधडी उलटून बघा. खालच्या बाजूलाही टाके दिसले पाहिजेत. उजव्या हाताच्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटावर घालायची टोपी, घाला, नाहीतर पाच थरांतून सुई ढकलून बोटाची कातडी सोलवटते.

टाका अर्ध्या सेंटिमीटरचा आणि दोन ओळींत बोटभर, म्हणजे दोनेक सेंटिमीटर अंतर. मीटरभर दुपट्याला या हिशेबाने पन्नासेक ओळी होतात. ओळी जवळ घेतल्या तर गोधडी घट्ट आणि कडक होते. खाली अंथरायला ती उत्तम, पांघरायला नाही. फार लांब घेतल्या तर धुतल्यावर आतले थर गोळा होतात.

जुन्या पद्धतीत कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन शिवत मध्याकडे येतात. दिसायला ते फार देखणं असतं, पण कडेकडून ढकललं गेलेलं जादा कापड शेवटी मधोमध साठतं आणि नवख्या हाताला ते आवरत नाही. म्हणून पहिल्या दुपट्याला मधली ओळ आधी शिवा, मग तिच्या दोन्ही बाजूंना सरळ ओळी घालत कडेपर्यंत जा. कड सगळ्यात शेवटी, दुहेरी दोऱ्याने.

बाळाच्या दुपट्यात टाके लहानच हवेत. लांब टाक्यात तान्ह्या बाळाचं बोट अडकतं. आरसे, मणी, टिकल्या अजिबात नकोत.

मोठी गोधडी: तीन साड्यांचा हिशेब

पाच फूट रुंद आणि सात फूट लांब, चार थरांची गोधडी तीन साड्यांत होते. पहिल्या दोन साड्यांचे २१० सेंटिमीटरचे दोन-दोन तुकडे फाडा. झाले चार मोठे तुकडे, प्रत्येक ११५ सेंटिमीटर रुंद. तिसरी साडी उभी फाडून ३८ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या करा आणि प्रत्येक पट्टीचे २१० सेंटिमीटरचे दोन भाग पाडा. सहा पट्ट्या मिळतील, चार लागतील, उरलेल्या दोन कडेला लावायला कामी येतील. एका मोठ्या तुकड्याला एक पट्टी जोडली की एक थर तयार. ही जोडाची शिवण मशीनवर मारायला काहीच हरकत नाही.

थर रचताना जोड एकावर एक येऊ देऊ नका. एका थराची पट्टी डावीकडे, पुढच्याची उजवीकडे. सगळे जोड एका रेषेत आले, तर तिथे जाड वरंबा होतो आणि सुईही जाता जात नाही.

घरची साधी मशीन मात्र थर शिवायला वापरू नका. तिचा पाय वरचा थर पुढे ढकलत राहतो आणि शेवटी वर-खाली दोन इंचांचा फरक पडतो. हाताने वेळ लागतो हे खरं. पण चार बायका चार बाजूंना बसल्या, की काम भराभर उरकतं. गावाकडे पिकं निघाल्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी गोधड्या शिवल्या जातात त्या अशाच. काठ धरून बसणाऱ्या नव्या पोरीला टाका कसा घ्यायचा, हे तिथेच कळतं, कुणी वेगळं शिकवत नाही.

चिंध्या असतील तर

सलग साडी नाही, नुसते तुकडे आहेत? मग कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ करतात, तिची रीत वापरा. आधी तुकडे जोडून वरचा थर करत बसायचं नाही. खाली एक सलग साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची आणि तिथल्या तिथे सगळ्या थरांसकट धावदोरा घालत पुढे जायचं. पुढचा तुकडा मागच्याच्या कडेवर थोडा चढवायचा. असं चारही बाजूंनी फिरत मध्याकडे यायचं. जोडणं आणि शिवणं एकदमच होतं आणि मोजमापाची कटकट राहत नाही. चारही कोपऱ्यांना त्या कापडाच्या घड्यांची छोटी ‘फुलं’ लावतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

उरलेल्या काठांचं तोरण, उरलेल्या साड्यांचं पायपुसणं

जरीचे काठ फेकू नका. तीन फुटी दाराला साडेसात सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब असे बारा तुकडे लागतात. प्रत्येक तुकड्याचे खालचे दोन कोपरे मागे दुमडून मध्ये जुळवा, टोक आंब्याच्या पानासारखं येईल. मागून दोन टाके घाला, इस्त्री फिरवा आणि सगळी पानं एका पट्टीवर ओळीने शिवा. जरीवर इस्त्री फिरवताना वर सुती फडकं ठेवा.

पायपुसण्याला दोन इंची पट्ट्या फाडून त्यांची घट्ट वेणी घाला. वेणी फरशीवर ठेवून गोल किंवा लंबगोल गुंडाळत जा आणि शेजारच्या फेऱ्याला खालून जाड दोऱ्याने टाचत जा. वेणी हवेत धरून गुंडाळली तर पायपुसणं वाटीसारखं वर उचललं जातं, म्हणून ती सपाटच ठेवायची. इथे सिंथेटिक साडी चालते, फक्त ते फरशीवर घसरू नये म्हणून खाली रबरी जाळी घाला. गरम भांडी उचलायची फडकी मात्र सुतीचीच करा. सिंथेटिक कापड तव्याला लागून वितळतं.

धुणं आणि डागडुजी

तीन साड्यांची गोधडी कोरडी असताना साधारण दीड किलो भरते, घरच्या वॉशिंग मशीनमध्ये मावते. ओली झाली की तिचं वजन फार वाढतं, म्हणून एकाच दोरीवर लोंबत न ठेवता दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. एक बाजू कडकडीत वाळली की उलटा. पावसाळ्यात आतला थर दमट राहिला, तर घडी घातलेल्या गोधडीला बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पुढे जाता जात नाहीत. ठेवताना घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

काही वर्षांनी वरचा थर विरतो, आधी तोंडाशी येणाऱ्या कडेला. एकच जागा गेली असेल तर ठिगळ लावा, पण ते फाटलेल्या जागेपेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठं घ्या, म्हणजे टाके धड कापडात बसतील. सगळाच थर विरला असेल, तर गोधडी उसवू नका. धुऊन वाळवा, खालून-वरून आणखी एकेक साडी घाला आणि जुन्या ओळींच्या मधून नव्या ओळी घाला. जुनी गोधडी आता आतला थर झाली. सुई जड जाते, म्हणून या वेळी ओळींत तीन बोटांचं अंतर पुरे.