काळोखाचा रॅप अल्बम काढताय? या चुका टाळा

मागे एक पोरगा पेनड्राइव्हवर दहा ट्रॅक घेऊन आला. दारूत गेलेला बाप, रात्रपाळी, उडालेली झोप. विषय खरेच काळे होते आणि लिहिलंही जबर होतं. पण दुसऱ्या कडव्यापासून मला शब्दच लागेनात. आवाज विहिरीतून आल्यासारखा, खाली बेस नुसता घुमतोय. विचारलं तर म्हणाला, "दादा, डार्क वाटायला पाहिजे ना."

स्वतःच्या खोलीत अल्बम करणारे बहुतेक जण इथेच घसरतात. काळोख शब्दांत असतो, आणि शब्द झाकले की उरतो तो फक्त गोंगाट.

आवाज विहिरीत गेलाय

रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, थेट आवाजाच्या ट्रॅकवर लावू नका. तो वेगळ्या सेंडवर, म्हणजे बाजूच्या स्वतंत्र ट्रॅकवर ठेवा, त्यातलं २५० हर्ट्झच्या आसपासपासून खालचं कापा आणि प्री-डिले ३०-४० मिलिसेकंद द्या. म्हणजे आधी शब्द पोहोचतो, मग त्याचा घुमारा. मराठीत हे जास्तच सांभाळावं लागतं. जलद फ्लोमध्ये 'ळ' आणि 'ण' आधीच निसटतात. वर रिव्हर्ब चढला की 'गळा'चा 'गला' होतो आणि बार, म्हणजे रॅपची ती ओळ, मेला. उलट 'भ', 'फ', 'ठ', 'घ' माइकवर हवेचा फटका मारतात. पॉप फिल्टर लावाच, शिवाय माइक तोंडासमोर न धरता थोडा तिरका ठेवा.

त्या पोराच्या तिसऱ्या ट्रॅकमध्ये बापाच्या चपलांची एक ओळ होती. तिचा रिव्हर्ब आम्ही पूर्ण काढला. तीच ओळ कुजबुजत परत म्हणायला लावली आणि ती दहा-बारा डीबी खाली, मूळ ओळीच्या मागे ठेवली. ओळीआधीचा श्वासही कापला नाही. एवढ्यावर अंगावर काटा आला. ऑटोमॅटिक ब्रेथ रिमूव्हर मारून स्वतःचे श्वास पुसणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो.

रेकॉर्डिंगला महागडं फोम नको. पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगा, पंखा बंद, शेजारच्या कुकरची वेळ बघून टेक घ्या. लेव्हल -१० ते -६ डीबीच्या मध्ये राहू द्या. किंचाळायचा भाग असेल तर आधी तोच म्हणून बघा आणि गेन (माइकचा आवाज किती घ्यायचा ते बटण) त्यावर लावा. फाटलेला टेक मिक्समध्ये शिवता येत नाही.

मोबाइलवर बेस गायब होतो

हेडफोनवर छाती हलवणारा ८०८, म्हणजे रॅपमधला तो खोल बेस, मोबाइलवर ऐकूच येत नाही, कारण त्याचा मूळ सूर ४५-५० हर्ट्झला असतो आणि तो वाजवणं एवढ्याशा स्पीकरच्या कुवतीबाहेर आहे. आवाज वाढवून काही होत नाही. सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीत करणारा इफेक्ट) द्या, म्हणजे ९०, १३५, १८० अशा वरच्या पट्ट्या तयार होतात आणि कान खालचा सूर आपणच भरून घेतो. ८०८ गाण्याच्या पट्टीत लावलाय का तेही तपासा. बेसुरा ८०८ भीतिदायक वगैरे वाटत नाही, बेसुराच वाटतो.

मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, ठासून मोठा करायची हौसही सोडा. स्पॉटिफाय गाणी साधारण -१४ लफ्सवर (गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप) आणून वाजवतं. तुम्ही -७ चं दिलंत तर ते खाली खेचतं आणि हातात उरतो चेपलेला आवाज. -१४ हून मोठा मास्टर द्यायचाच असेल तर ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, -२ डीबीच्या खाली ठेवा.

बीट कुणाचा आहे?

यूट्यूबवरचा 'टाइप बीट' (नावाजलेल्या कलाकाराच्या ढंगाचा तयार बीट) लीजवर, म्हणजे वापरापुरता घेतला म्हणजे तो तुमचा झाला नाही. तोच बीट आणखी पन्नास जणांकडे असू शकतो. त्यातल्या एकाने कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंद केली की क्लेम तुमच्या गाण्यावर येतो. लीजमध्ये स्ट्रीमची मर्यादा किती आहे आणि कंटेंट आयडीला परवानगी आहे का, हे पैसे भरायच्या आधी वाचा. एका अल्बमच्या वेळी मी ते वाचलं नव्हतं. रिलीजच्या आठवड्यात तीन गाण्यांवर क्लेम आले आणि मी पावत्या शोधत बसलो.

बीट मित्राचा असला तरी लिहून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "घे रे, तुझाच आहे" वर अल्बम उभा करू नका.

आणि भजनाचं सॅम्पल. अभंगाचे शब्द शेकडो वर्षं जुने आहेत, ते सगळ्यांचे. पण रेडिओवर ऐकलेली ती ध्वनिमुद्रिका सगळ्यांची नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, आणि चालीचा हक्क वेगळा. गल्लीतल्या भजनी मंडळाला विचारून टाळ नव्याने रेकॉर्ड करा. ते सॅम्पलपेक्षा बरं वाजतं, हा माझा अनुभव.

नाव घेऊन शिव्या

डार्क म्हणजे बेधडक, हे मान्य. तरी महाराष्ट्रात २०२३ मध्ये राजकीय टीका करणाऱ्या मराठी रॅपवरून पोलिसांत गुन्हे नोंदवले गेले होते, एवढं ध्यानात असू द्या. टीका करूच नका असं मी म्हणणार नाही. पण खऱ्या माणसाचं नाव आणि त्याच्यावरचा आरोप एकाच बारमध्ये येत असेल, तर तो बार आधी वकिलाला ऐकवा.

आत्महत्येवर गाणं असेल तर पद्धतीचे तपशील गाळा आणि डिस्क्रिप्शनमध्ये टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाका. तुमच्यासारखीच झोप उडालेलं कुणीतरी रात्री तीनला ते ऐकत असतं.

रिलीजच्या आदल्या रात्रीची धावपळ

डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोहोचवणारी कंपनी) अपलोड तीन-चार आठवडे आधी करा. स्पॉटिफायवर किमान सात दिवस आधी गाणं पिच केलं, म्हणजे त्यांच्या टीमसमोर मांडलं, तर ते फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची यादी) जातं. शिव्या असतील तर 'एक्सप्लिसिट' खूण करा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. घाईत हिंदी राहून गेलेले कितीतरी अल्बम मी पाहिलेत. रोमनमध्ये नावाचं एकच स्पेलिंग ठरवा, नाहीतर अर्धी गाणी एका प्रोफाइलवर, अर्धी दुसऱ्यावर. माझ्या ओळखीच्या एकाचं गाणं तर त्याच नावाच्या परदेशी गायकाच्या पानावर जाऊन बसलं होतं, परत आणायला तीन आठवडे लागले.

कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी. काळ्यावर काळं डिझाइन मोठ्या स्क्रीनवर भारी दिसतं. तेच मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. त्या पोराचं कव्हर तसं केल्यावर नुसती काळी टिकली उरली होती. शेवटी त्याने खोलीतल्या पिवळ्या बल्बचा फोटो लावला.

पैशांचंही आधीच सांगतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या ट्रॅकला बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत, तर त्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. शब्द तुमचे असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेची मेंबरशिप वेगळी घ्या. गीतकार आणि संगीतकाराची रॉयल्टी तिथून येते, ती डिस्ट्रिब्युटर देत नाही.