पेसमेकर आहे आणि गरगरतंय?
पेसमेकर (हृदयाचे ठोके नीट ठेवणारं छोटं यंत्र) बसवलाय आणि अचानक गरगरलं, धडधडलं, तर आधी आजूबाजूला बघा. नाशिकमध्ये सातपूर-अंबडकडे वेल्डिंग चालू असलेल्या शेडपाशी उभे आहात? की कॉलेज रोडवर दुकानाच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या गेटला टेकून कुणाची वाट बघताय? तिथल्या विजेच्या-चुंबकाच्या प्रभावाने पेसमेकर गडबडू शकतो. तिथून लांब व्हा; बहुतेक वेळा पेसमेकर लगेच पूर्ववत चालतो. गेटमधून सरळ चालत गेलं तर काही होत नाही, रेंगाळायचं नाही. टीव्ही, फ्रिज बिनधास्त वापरा. चालू इंडक्शन शेगडीपासून मात्र छाती दोन फूट लांब. मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात नको (ही खोड काही सुटत नाही!), १५ सेंटिमीटर अंतर हवंच. लांब जाऊनही बरं वाटेना किंवा शुद्ध हरपली, तर घरच्यांनी १०८ ला फोन करावा. पेसमेकरचं कार्ड कपाटात नाही, पाकिटात ठेवा.